नाताळच्या दिवशीची शब्दशिडी

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. त्या दिवशी प्रार्थना आणि भोजन आटोपले की इंग्रजांच्या घरी आबालवृद्ध एकत्र बसून कोडी घालतात, शब्दांचे खेळ खेळतात. आपल्याकडे मंगलप्रसंगी उखाणे व भेंड्या रंगतात, त्यातलाच हा प्रकार. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना हल्ली जी 'शब्दशिडी' सोडवावयास देतात, तिचा जन्म नेमका १८७७ सालच्या नाताळात झाला. तिचे जनक लुईस कॅरोल यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. २७ जानेवारी १८३२ रोजी चेशायर परगण्यातील डेअर्सबरी या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांत ते तिसरे, मुलग्यांत थोरले. बोलताना जीभ अडखळे. ते व्यंग जन्मभर सुटले नाही. १८५१ च्या जानेवारीत ते ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात राहावयास आले आणि दोनच दिवसांत मातृवियोगाची वार्ता आली. पुढे त्याच महाविद्यालयात १८५५ पासून १८८१ पर्यंत त्यांनी गणित शिकविले.

त्यांचे टोपणनाव हेच मुळी एक कोडे. स्वतःच्या पहिल्या दोन नावांची त्यांनी लॅटिन रूपे केली, त्यांचा क्रम उलटा केला आणि ती पुन्हा इंग्रजीत आणली. १८५६ साली अशा रीतीने 'लुईस कॅरोल' अवतरले.

२२ डिसेंबर १८६१ रोजी, नाताळच्या तीन दिवस आधी, त्यांनी 'डीकन'पदाची दीक्षा घेतली. पूर्ण पुरोहितपदाच्या अलीकडची ही पायरी. पुढची पायरी मात्र ते कधीच चढले नाहीत. वाणीतील दोष हे त्याचे एक कारण असावे, असे काही चरित्रकार मानतात. ज्याला स्वतःचा शब्द उच्चारताना सायास पडत, त्याच्याच लेखणीपुढे इंग्रजी भाषा लहान मुलासारखी बागडली, हे आम्हांस मोठे नवल वाटते.

४ जुलै १८६२ रोजी नदीवर नौकाविहार करताना महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या तीन कन्यांना त्यांनी एक गोष्ट सांगितली. मधल्या ॲलिसने ती लिहून मागितली. सुवाच्य अक्षरांत, स्वतः चित्रे काढून त्यांनी वही पूर्ण केली आणि १८६४ च्या नोव्हेंबरात नाताळची भेट म्हणून तिच्या हाती दिली. १८६५ साली छापून निघालेले 'ॲलिस इन वंडरलँड' ते हेच.

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी वाक्प्रचारापाशी हमखास ठेचाळतो, कारण तो शब्दशः अर्थ घेतो. कॅरोल यांनी मुद्दाम तेच केले. टोपीवाल्यासारखा वेडा, मार्च महिन्यातल्या सशासारखा पिसाट, चेशायरच्या मांजरासारखे हसणे हे वाक्प्रचार इंग्रजीत आधीपासूनच रूढ होते. कॅरोल यांनी टोपीवाल्याला आणि सशाला चहाला बसविले. मांजर नाहीसे करून नुसते हसू मागे ठेविले!

आता शिडीची हकीकत. ज्युलिया आणि एथेल आर्नल्ड या दोन बहिणींना १८७७ च्या नाताळात वेळ कसा घालवावा हे सुचेना. त्यांनी कोडी मागितली. जवळ तयार कोडे नव्हते, म्हणून कॅरोल यांनी नवेच रचले. (यांतील ज्युलिया पुढे प्रख्यात शास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांच्या मातोश्री झाल्या.) दोन शब्द घ्यावयाचे, एका वेळी एकच अक्षर बदलीत पहिल्यावरून दुसऱ्यावर पोहोचावयाचे, मधला प्रत्येक शब्द सार्थ हवा. 'हेड' म्हणजे डोके आणि 'टेल' म्हणजे शेपटी. इंग्रजीत दोहोंची अक्षरे चार. डोक्यापासून शेपटीपर्यंतची वाट त्यांनी मधल्या अवघ्या चार शब्दांत काढली. मराठीत भजनापासून हवनापर्यंत जावयाचे तर 'भजन', 'भवन', 'हवन' इतकेच पुरते. नमनाकडून गगनाकडे नेणारी पायरी घरच्या मुलांनी शोधावी. मार्च १८७९ पासून 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात ही कोडी येऊ लागली आणि त्यांच्या स्पर्धाही भरल्या.

परंतु एवढ्या खेळकर माणसाची एक मर्यादा होती. पवित्र गोष्टींची थट्टा त्यांना मुळीच खपत नसे. १८७१ च्या नाताळाच्या सुमारास निघालेल्या ॲलिसच्या दुसऱ्या कथेत बोलक्या फुलांची बाग आहे. तेथील एका तापट फुलाच्या जागी त्यांनी प्रथम 'पॅशन फ्लॉवर' योजिले होते. त्या नावाचा संबंध ख्रिस्ताच्या अंतकाळच्या यातनांशी आहे, हे कळताच त्यांनी ते काढून 'टायगर लिली' घातली. हे फूल म्हणजे आपले कृष्णकमळ. ख्रिस्ती भाविक त्यात काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहतात. आपण त्याच तंतूंत शंभर कौरव, त्याच पाच केसरांत पांडव पाहतो. फूल मूळचे अमेरिकेतले. दोन्ही धर्मांच्या भाविकांनी त्याला देव्हाऱ्याजवळ जागा दिली. वाचकांच्या नजरेला बहुधा कधीच न येणारा एक शब्द त्यांनी बदलला, यात आम्हांस त्यांची खरी भक्ती दिसते.

१४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्ड येथे, बहिणींच्या घरी, फुप्फुसदाहाने त्यांचे निधन झाले. ॲलिसला दिलेली ती नाताळची वही १९२८ साली लिलावात १५,४०० पौंडांना विकली जाऊन अमेरिकेत गेली. महायुद्धातील ब्रिटनच्या धैर्याचा गौरव म्हणून काही अमेरिकन सद्‌गृहस्थांनी १९४८ साली ती ब्रिटिश जनतेला परत भेट दिली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.