मैदानं बंद केली, तरी ही पोरगी ३० वर्षं फुटबॉल खेळली

२६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. बायकांची फुटबॉल मॅच आणि बघायला ५३ हजारांचं पब्लिक! जिंकली प्रेस्टनच्या कारखान्याची टीम, 'डिक, कर लेडीज'. त्यांच्याकडं होती १५ वर्षांची लिली पार. डाव्या पायाची किक अशी, की गोलकीपर टरकायचे.

वर्षभरातच इंग्लिश फुटबॉल असोसिएशननं हा खेळ बायकांना शोभत नाही म्हणत क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. गर्दीच खुपली असावी, दुसरं काय!

लिली थांबली नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या टीमना भिडली. मनोरुग्णालयात नर्सची नोकरी करत, मिळेल त्या मैदानावर १९५१ पर्यंत खेळली.

बंदी उठायला जवळपास ५० वर्षं लागली. लिली १९७८ मध्ये गेली. इंग्लंडच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममधली पहिली महिला तीच, पण तो मान मिळाला २००२ मध्ये.