खरखर काढताना भेटलेले नारायणराव

सांगलीला माझ्या मामांच्या घरी, दिवाणाखालच्या ट्रंकेत एक तबकडी आहे. बालगंधर्वांच्या नाट्यपदांची एलपी. 1970 च्या सुमारास, नोकरीत स्थिरावल्यावर, मामांनी ती मोठ्या हौसेने विकत घेतली. घरी आणून लावली आणि पहिल्या पदालाच त्यांचा चेहरा उतरला. तबकडीचे भोक बरोबर मध्यावर पडलेले नव्हते. ती फिरू लागली की सुई आत-बाहेर झुलायची आणि प्रत्येक फेऱ्यात सूर किंचित चढायचा, किंचित उतरायचा. ज्यांच्या सुरेलपणाची महाराष्ट्राने शपथ घ्यावी, त्या बालगंधर्वांचा षड्ज झोपाळ्यावर बसल्यासारखा हलत होता! त्यात दुसऱ्या बाजूला माल साच्यात नीट भरलाच गेला नसावा, कारण तिथे कापड फाडल्यासारखा आवाज यायचा. तबकडी काढणाऱ्या कंपनीचे नाव आता सांगण्यात अर्थ नाही. दुकानदाराने ती बदलून दिली नाही, एवढे खरे. मामांनी पन्नास वर्षे ती तशीच ऐकली.

आता मामांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. कानाला यंत्र लागले आहे आणि तेही पुरेसे पडत नाही. माझा भाचा पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. मामांना ऐकू येते आहे तोवर ही तबकडी संगणकावर घेऊन, दुरुस्त करून, त्यांना एकदा नीट ऐकवायची असे आम्ही दोघांनी ठरवले. काम आठवड्याभराचे वाटले होते. लागले चार महिने. या चार महिन्यांत मला आवाजाच्या दुरुस्तीबद्दल थोडेफार कळले, पण त्याहून अधिक कळले ते नारायणराव राजहंस नावाच्या माणसाबद्दल.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 चा. हे घराणे आताच्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. लहानग्या नारायणाचे गाणे लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले, ही कथा मराठी घरांत पाठ आहे. त्याच मुलाला ऐकू कमी येत होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात त्याच्या कानावर उपचार करवले. भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेल्यापासून किर्लोस्कर नाटक मंडळी नायिकेच्या शोधात होती. 1905 साली नारायणराव मंडळीत आले आणि मिरजेच्याच रंगभूमीवर शकुंतला म्हणून उभे राहिले. कानाने अडलेला मुलगा महाराष्ट्राचा कान घडवायला निघाला होता. मामांना मी हे सांगितले, तेव्हा ते आपल्या यंत्राला हात लावून नुसते हसले.

आमचे पहिले काम होते भोकाचे. एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा सुमारे 1.8 सेकंदांचा. मामांच्या तबकडीवर दर 1.8 सेकंदांनी सूर हलत होता. यावरचा उपाय अगदी सुताराचा निघाला. मामांची परवानगी घेऊन भाच्याने बारीक कानशीने भोक जरासे मोठे केले, तबकडी हाताने सरकवत सरकवत मध्यावर आणली, आणि सुईचा दांडा डुलायचा थांबला तेव्हा ती तिथेच घट्ट बसवली. आधी डिस्टिल्ड पाण्याने तिला आंघोळ घातली होती, सुई नवी आणली होती. मग सेकंदाला 96,000 नमुने या हिशेबाने आवाज संगणकात घेतला. सीडीवर हाच हिशेब 44,100 चा असतो. फाडफाड आवाजाचेही निदान झाले. खाचेच्या दोन भिंती असतात. जुने एककर्णी ध्वनिमुद्रण दोन्ही भिंतींवर सारखेच कोरलेले असते आणि इथे खराबी होती ती मुख्यतः एकाच भिंतीवर. तेवढ्या भागात आम्ही चांगल्या भिंतीचाच आवाज घेतला.

पण या एलपीच्या पोटात आणखी जुन्या तबकड्या आहेत. नारायणरावांनी गायले ते लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांसाठी. त्या काळात मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालावे तसे जवळ उभे राहून गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरायचा आणि सुई मेणात खाच कोरायची. विजेवरचे ध्वनिमुद्रण आले ते 1925 नंतर. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्यांच्या एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर पडत आणि नाटक मध्यरात्र उलटून जाई, त्यांना तीन मिनिटांत आटपायचे होते. आज आपण ज्याला बालगंधर्वांचे गाणे म्हणतो, ती त्या गाण्याची पासपोर्ट आकाराची छबी आहे.

मूळ गाणे कुठे होते? ते होते 1911 सालच्या ‘मानापमान’मध्ये. गोविंदराव टेंबे यांच्या चालींवर नारायणरावांची भामिनी उभी राहिली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांचे तान्हे मूल गेले होते. तरीही त्यांनी प्रयोग थांबवला नाही. तोंडाला रंग लावला आणि ते गायला उभे राहिले. ते गाणे होते 1916 सालच्या ‘स्वयंवर’मध्ये. तिथे चाली होत्या भास्करबुवा बखल्यांच्या. त्या बुवांचा स्वतःचा आवाज कुठल्याच तबकडीवर उरलेला नाही. तो ऐकायचा तर शिष्याच्या गळ्यातूनच. ते होते ‘एकच प्याला’च्या सिंधूत, ते नाटक 1919 साली रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते. आणि 8 जुलै 1921 च्या रात्री, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये, धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी नारायणराव! त्या रात्रीचा एक क्षणही कुणी मुद्रित केला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. जे खाचेत कोरलेच गेले नाही, ते दुरुस्त करणारा संगणक अजून निघालेला नाही.

1913 साली गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्यासह काढलेली गंधर्व नाटक मंडळी पुढे एकट्या नारायणरावांवर आली. रंगमंचावर खरे उंची शालू, गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा घमघमाट, तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. घरोघरच्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, अंबाडा घालू लागल्या. हिशेबाच्या वहीत मात्र कर्जाचा डोंगर वाढत होता. कर्ज फेडण्यासाठी नारायणराव वर्षानुवर्षे गात राहिले, पण शालूचा खर्च कमी करणे त्यांना कधी जमले नाही.

इकडे आमच्या कामात एक अडचण आली. जुन्या तबकड्यांना 78 च्या म्हणत असले, तरी सुरुवातीच्या काळात वेग पक्का नव्हता. सत्तरीच्या थोड्या पुढून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही असे. 74 फेऱ्यांवर मुद्रित झालेले गाणे 78 वर वाजवले, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, पातळ होतो. बालगंधर्वांच्या बाबतीत याचा भलताच परिणाम होतो. आवाज अधिक बायकी वाटू लागतो आणि पुरुष असून हुबेहूब बाईचा गळा, हे कौतुक वाढते. प्रत्यक्षात त्यांचा गळा पुरुषाचाच होता. त्या गळ्याने ते स्त्रीचे मन गात, ही त्यांची कला होती. एलपीवरची दोन पदे आम्हाला संशयास्पद वाटली. भाच्याने प्रभातचा 1935 सालचा ‘धर्मात्मा’ लावला. त्यात नारायणराव एकनाथांच्या भूमिकेत आहेत आणि बोलपटाचा वेग ठरलेला असतो. तो आवाज कानात ठेवून आम्ही ती दोन पदे थोडी खाली आणली. आवाजाला अंग आले. आमचा अंदाज चुकलाही असेल, म्हणून मूळ प्रत शेजारीच ठेवली.

मग उरली ती खरखर. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक टकटक म्हणजे एक टोकदार सुळका दिसतो. तो काढून शेजारच्या आवाजावरून रिकामी जागा भरायची. एका पदाला तीन-तीन संध्याकाळी गेल्या. अखंड सूं सूं आवाजासाठी वेगळी युक्ती असते. गाणे सुरू होण्याआधीच्या जागेतून त्या आवाजाचा नमुना घ्यायचा आणि सगळ्या पदातून तो वजा करायचा. आम्ही तेही केले. सारे कसे स्वच्छ, नव्यासारखे! मोठ्या अभिमानाने सांगलीला गेलो आणि मामांच्या कानांवर हेडफोन चढवला.

एक पद ऐकून मामांनी तो काढून ठेवला. सूर आता हलत नाही याचा त्यांना आनंद झाला होता. पण हे नारायणराव नाहीत, असे ते हळूच म्हणाले. पाण्याखालून कुणी गाते आहे असे वाटते, म्हणाले.

मामांनी शाळकरी वयात, वडिलांबरोबर जाऊन, नारायणरावांना पाहिले होते. पन्नासच्या दशकाची सुरुवात. नारायणराव साठी ओलांडलेले, शरीर थकलेले, तरी नायिकेच्या वेषात. पडदा वर गेला तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी हसले, आणि पहिल्या पदाचा सूर लागल्यावर तोच माणूस डोळे पुसत होता, असे मामा सांगतात. सुराचा शेवट करताना नारायणराव तो तोडत नसत, विरू देत. मधूनच श्वास ऐकू येई. आमच्या यंत्राने सूं सूं काढताना ते विरणारे शेवट आणि ते श्वासही कचऱ्यात टाकले होते. गंमत म्हणजे, ज्या खरखरीवर आम्ही महिना घालवला ती मामांना वयामुळे फारशी ऐकूच येत नव्हती.

परतीच्या एसटीत मला वाटले, त्यांच्या आयुष्याचेही आपण हेच केले. टिळक, शालू आणि वन्स मोअर ठेवले. बाकीचे खरखर म्हणून पुसले. चित्रपटात त्यांचा जीव रमला नाही, हे आपण सांगत नाही. 1938 च्या सुमारास गोहर कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आणि मंडळीत आल्या, जुनी माणसे दुरावली, पत्नी लक्ष्मीबाई 1940 साली गेल्या. घरातला हा विषय आपण दबक्या आवाजात काढतो. गोहरबाईंनी अखेरच्या पडत्या काळात त्यांना सांभाळले आणि 1964 साली त्या त्यांच्या आधी गेल्या, हेही मग सांगायचे राहते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. 1962 साली पुण्याच्या रंगमंदिराचे भूमिपूजन थकलेल्या नारायणरावांच्या हस्ते झाले. 15 जुलै 1967 ला ते गेले, आणि पुढच्या वर्षी 26 जूनला, त्यांच्या वाढदिवशी, त्यांच्या नावाचे ते रंगमंदिर उघडले. यातले दुःख, कर्ज, हट्ट काढून टाकला तर जो गुळगुळीत बालगंधर्व उरतो, तोही पाण्याखालूनच गातो.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. भोक, वेग, टकटक हे दोष तबकडीचे होते. ते दुरुस्त केलेले राहू दिले. सूं सूं मात्र थोडीशीच कमी केली. सुराचे शेवट आणि श्वास परत आले, त्यांच्याबरोबर थोडी खरखरही आली.

गेल्या महिन्यात मामांना ती प्रत ऐकवली. डोळे मिटून, मांडीवर बोटाने ताल धरून त्यांनी ‘स्वयंवर’मधले पद शेवटपर्यंत ऐकले. पद संपल्यावर आम्ही दोघे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मामा काही बोलले नाहीत. हेडफोन न काढता त्यांनी एक बोट वर केले. भाच्याला आधी कळले नाही. मी त्याला सांगितले, वन्स मोअर.