कर्णा लपविणारा कारागीर

अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन नावाचे नगर आहे. तेथे ६ फेब्रुवारी १८६७ रोजी एल्ड्रिज जॉन्सनचा जन्म झाला. लहानपणीच मातेचे छत्र हरपल्यामुळे तो काही वर्षे नातलगांच्या घरी वाढला. महाविद्यालयात जावे, अशी त्याची फार इच्छा होती. परंतु १८८२ साली शाळा संपताना मुख्याध्यापकांनी त्याला मंदबुद्धी ठरविले आणि उच्च शिक्षणाचा नाद सोडून एखादा धंदा शिकण्यास फर्माविले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या हातून असे प्रमाद घडतात, हे मी स्वानुभवाने जाणतो. पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या मनाला ते शब्द किती झोंबले असतील!

एल्ड्रिज फिलाडेल्फियातील एका यंत्रशाळेत उमेदवार म्हणून राहिला. तेथे त्याचा हात तयार झाला. काही वर्षांनी नदीपलीकडील कॅमडेन गावी त्याचा स्वतःचा लहानसा कारखाना झाला.

याच कारखान्यात एमिल बर्लिनर यांनी शोधून काढलेला ग्रामोफोन जॉन्सन यांच्या पाहण्यात आला. त्याची तबकडी हाताने फिरवावी लागे. हात भरभर चालला, की गायकाचा स्वर चिरका होई. मंदावला, की तोच स्वर घोगरा होई. ऐकणाऱ्याने गाण्याकडे लक्ष द्यावे की दांड्याकडे? घड्याळाप्रमाणे कमानीवर चालणारे यंत्र हवे होते. पण कमान आधी जोराने उलगडते आणि मग ढिली पडते. १८९६ साली जॉन्सन यांनी कमानीला गतिनियामक जोडून चांगले यंत्र सिद्ध केले. वेग वाढला, की नियामकाचे लहान गोळे बाहेर फेकले जात आणि गतीला आवर बसे. आता चावी द्यावी, टाचणी टेकवावी आणि स्वस्थ ऐकत बसावे!

१९०१ साली त्यांनी व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापन केली. तथापि एक अडचण उरली होती. ती म्हणजे तो अवाढव्य कर्णा. तो जागा अडवी, त्यावर धूळ बसे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागे. आणि सजविलेल्या दिवाणखान्यात कारखान्यातील एखादी वस्तू आणून ठेवल्यासारखे दिसे.

१९०६ साली जॉन्सन यांच्या कंपनीने व्हिक्ट्रोला बाजारात आणला. त्यात कर्णा खाली वळवून लाकडी कपाटाच्या पोटात दडविला होता. तबकडीवर झाकण होते; ते मिटले, की टाचणीची खरखर दबे. कर्ण्याच्या तोंडाशी दोन लहान दारे होती. ती सताड उघडली, की आवाज मोठा येई. किलकिली केली, की मंद होई. आवाज लहानमोठा करण्यासाठी यंत्राचे ज्ञान लागेना. दार उघडणे कोणाला येत नाही? किंमत २०० डॉलर, म्हणजे त्या काळी फारच मोठी. तरीही लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. १९११ साली १५ डॉलरचा छोटा व्हिक्ट्रोलाही निघाला.

पुढे रेडिओ आला आणि तबकड्यांचा खप घटला. १९२७ च्या प्रारंभी जॉन्सन यांनी आपला कंपनीतील वाटा विकला. १९३३ साली त्यांनी आपली नौका समुद्रतळाच्या संशोधनासाठी शास्त्रज्ञांना दिली. नोव्हेंबर १९४५ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या यंत्रांचे संग्रहालय पुढे उभारण्यात आले, ते डोव्हर गावी.