डोळ्यात पाहून मेंदूचा आजार ओळखणारे डॉक्टर : आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे

डोकं सारखं दुखायला लागलं की नांदेड-लातूरकडे काय, कुठेही काय, माणूस आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतो. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण कधीकधी डॉक्टर डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून आत पाहतात आणि चष्मा लिहून देण्याऐवजी तातडीने मेंदूचा एमआरआय करायला सांगतात. नातेवाईक चक्रावतात. दाखवायला आणला डोळा, आणि हे मेंदूचं काय काढलं?

याचं उत्तर शोधत गेलो की आपण बर्लिनला पोहोचतो. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचा जन्म तिथलाच, २२ मे १८२८ चा. वडील नावाजलेले सर्जन, पण मुलगा १२ वर्षांचा असतानाच ते वारले. वैद्यकीची पदवी घेऊन ग्रेफे प्राग, पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडन इथल्या नेत्रतज्ज्ञांकडे शिकले आणि बर्लिनला परतून त्यांनी स्वतःचं नेत्र रुग्णालय काढलं. गरिबांवर तिथे मोफत उपचार होत.

त्याच सुमारास, १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप जाहीर केला. तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला भाग डॉक्टरांना दिसतच नसे. बाहुली म्हणजे काळं भोक. या उपकरणाने तिथे उजेड पोहोचला. हेल्महोल्ट्झ मुळात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या शोधाचं रुग्णासाठी काय करायचं, हे दाखवलं ग्रेफे यांनी.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक फिकट गोल ठिपका असतो, ऑप्टिक डिस्क. दृष्टीची नस इथूनच मेंदूकडे निघते. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांत हा ठिपका सुजलेला असतो, हे ग्रेफे यांनी १८६० मध्ये मांडलं. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे कवटीच्या आत डोकावायला तेव्हा दुसरी वाटच नव्हती! सूज का येते याचं त्यांचं स्पष्टीकरण मात्र अपुरं होतं. शिरांमधलं रक्त अडतं, असं त्यांना वाटे. आज आपल्याला माहीत आहे की मेंदूभोवतीची आवरणं आणि त्यांतलं पाणी या नसेभोवतीही असतं. गाठ, क्षयाचा मेंदुज्वर अशा कारणांनी कवटीतला दाब वाढला की तो नसेवर येतो आणि डिस्क सुजते. याला पॅपिलिडेमा म्हणतात. सुरुवातीला नजर अगदी चांगली असू शकते, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. त्यामुळे नुसता नंबर तपासून भागत नाही. उशीर झाला तर नस वाळते, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.

अडचण होती ती शिकवण्याची. उपकरणातून एका वेळी एकालाच दिसे. रुग्णाने डोळा हलवला की सगळं नाहीसं. गुरूने जे पाहिलं तेच शिष्याने पाहिलं, याची खात्री कशी करायची? ग्रेफे यांचे सहायक रिचर्ड लीब्राइख यांनी डोळ्याच्या आतली दृश्यं हाताने रेखाटली आणि १८६३ मध्ये त्यांचा रंगीत चित्रसंग्रह छापला. कॅमेरा डोळ्याच्या आत पोहोचायला अजून वीसेक वर्षं होती. नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलंसुद्धा सुजलेली डिस्क आधी चित्रात पाहतात, मग रुग्णाच्या डोळ्यात.

ग्रेफे यांनी बाकीही बरंच केलं. २६ व्या वर्षी सुरू केलेलं त्यांचं नियतकालिक आजही निघतं. १८५७ मध्ये त्यांनी काचबिंदूवर शस्त्रक्रियेचा मार्ग दाखवला. नजरेचा घेर मोजण्याची तपासणीही त्यांनीच रुजवली. प्राध्यापकपद मात्र उशिरा मिळालं आणि तोवर क्षयाने त्यांना गाठलं होतं. तशा अवस्थेतही ते शिकवत राहिले. २० जुलै १८७० रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी ते गेले.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाजवळ १८८२ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. त्याच्या हातात ऑफ्थॅल्मोस्कोप आहे.