अल-ख्वारिझ्मी : वारसांच्या हक्कासाठी गणित लिहिणारे विद्वान



दहावीच्या गणितात वर्गसमीकरणांचे प्रकरण आले की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. या अक्षरांच्या खेळाचा आयुष्यात उपयोग काय, असे मुले विचारतात आणि पालकांपाशी त्याचे उत्तर नसते. आपले काही बांधव अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. तेथील अनेक कम्युनिटी कॉलेजांत नोकरी आणि संसार सांभाळून पुन्हा शिकू पाहणाऱ्या प्रौढांना ‘इंटरमिजिएट अल्जेब्रा’ हा अभ्यासक्रम घ्यावा लागत असे, आणि त्यांच्याही मनात हाच प्रश्न असे. या प्रश्नाचे उत्तर बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये एका मुस्लिम विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी.

त्यांचा जन्म इसवी सन ७८० च्या सुमारास झाला. ख्वारिझ्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेकडील सुपीक प्रदेश. त्याचा मोठा भाग आज उझबेकिस्तानात आहे. अल-ख्वारिझ्मी हे नाव त्या प्रदेशावरूनच पडले. त्यांच्या घरादाराविषयी इतिहासाने फारसे काही जपून ठेवलेले नाही. त्यांचे ग्रंथ हेच त्यांचे चरित्र होय.

अब्बासी खलीफा मामून यांच्या कारकिर्दीत (इ. स. ८१३ ते ८३३) बगदाद हे ज्ञानाचे केंद्र बनले होते. ‘बैतुल हिकमत’ म्हणजे ज्ञानगृह या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्थेत ग्रीक, फारसी आणि भारतीय विद्यांचा अभ्यास चालत असे. तेथेच अल-ख्वारिझ्मी कार्यरत होते. भारतातून बगदादला पोहोचलेल्या खगोलशास्त्राच्या आधारे त्यांनी ग्रहगतींची कोष्टके तयार केली. सुमारे २४०० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश देणारा भूगोलावरील ग्रंथ लिहिला. शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची भारतीय रीत त्यांनी एका स्वतंत्र पुस्तकात समजावून सांगितली आणि ती भारतीयांची आहे, हेही स्पष्टपणे नमूद केले. दुसऱ्याकडून घेतलेल्या ज्ञानाचे श्रेय त्याला देणे हीदेखील अमानतदारीच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

मात्र त्यांचे नाव अजरामर झाले ते ‘अल-जब्र वल-मुकाबला’ या विषयावरील संक्षिप्त ग्रंथामुळे. अल्लाहच्या स्तुतीने आरंभ केल्यावर ते प्रस्तावनेत सांगतात की, खलीफा मामून यांच्या प्रोत्साहनाने आपण हे पुस्तक लिहिले असून त्यात गणितातील सोपा आणि उपयुक्त भागच घेतला आहे. लोकांना वारसाहक्क, मृत्युपत्र, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालवे खणणे या कामांत ज्याची सदैव गरज पडते, तोच हा भाग. विद्वानांच्या वादसभेसाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. ते काझी, व्यापारी, मोजणीदार आणि वारस यांच्यासाठी आहे.

या ग्रंथात आजच्यासारखे ‘क्ष’ आणि ‘य’ कोठेही नाहीत. संख्यासुद्धा अक्षरांतच लिहिलेल्या आहेत. जी राशी अज्ञात आहे तिला ते ‘शय’ म्हणजे ‘वस्तू’ म्हणतात. ‘जब्र’ म्हणजे मोडलेले पूर्ववत करणे. समीकरणात एका बाजूला वजा झालेली राशी दोन्ही बाजूंना मिळवून भरून काढणे हा जब्र होय. ‘मुकाबला’ म्हणजे समोरासमोर ठेवणे. दोन्ही बाजूंना असलेल्या सारख्या राशी तेवढ्याच प्रमाणात काढून टाकणे हा मुकाबला होय. ही दोन कामे ज्याला जमली, त्याला निम्मे बीजगणित जमले.

त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहा. एक वर्ग आणि त्या वर्गाची दहा मुळे मिळून ३९ होतात, तर मूळ किती? त्यांची रीत अशी : दहाचे निम्मे करा, पाच आले. पाचाचा वर्ग २५ हा ३९ मध्ये मिळवा, ६४ झाले. ६४ चे वर्गमूळ आठ. त्यातून ते पाच वजा करा, तीन उरले. मूळ तीन, वर्ग नऊ. नऊ आणि तीस मिळून ३९. पण केवळ रीत सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी एक चौरस काढला, त्याच्या दोन बाजूंना पाच रुंदीचे दोन आयत जोडले आणि कोपऱ्यात उरलेली रिकामी जागा २५ ची आहे, हे दाखवले. तो कोपरा भरला की मोठा चौरस पूर्ण होतो. आज दहावीची मुले ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणून शिकतात ती हीच. आपल्या मुलांना सूत्र पाठ करावयास लावण्यापूर्वी हा चौरस एकदा कागदावर काढून दाखवा.

या पुस्तकाचा मोठा हिस्सा वारसा आणि मृत्युपत्र यांच्या हिशोबांनी व्यापलेला आहे. त्यातील एक प्रश्न असा : एका माणसाच्या मागे दोन मुलगे आहेत. त्याने आपल्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग एका परक्या माणसाला देण्याची वसीयत केली आहे. रोख दहा दिरहम आहेत आणि दहा दिरहम एका मुलाकडून येणे आहे. त्या मुलाचा वाटा त्याच्या कर्जातून वळता करावयाचा आहे. आता अडचण अशी की, वाटा ठरल्याशिवाय किती कर्ज वळते होईल ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय वाटणीची एकूण रक्कम ठरत नाही. अल-ख्वारिझ्मी वळत्या होणाऱ्या रकमेला ‘वस्तू’ म्हणतात. म्हणजे वाटणीसाठी दहा दिरहम आणि एक वस्तू आहे. वसीयतीचा तिसरा हिस्सा काढून उरलेले दोघांत वाटले की प्रत्येक मुलाला तीन पूर्णांक एक तृतीयांश दिरहम आणि एक तृतीयांश वस्तू मिळते. कर्जदार मुलाचा हा वाटाच ती वस्तू असल्यामुळे हिशोब सुटतो : वस्तू पाच दिरहम. रोख दहातून परक्याला पाच आणि दुसऱ्या मुलाला पाच मिळतात. कर्जदार मुलाचे पाच त्याच्या कर्जातून वळते होतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये अल्लाहने वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. ते हिस्से अपूर्णांकांत आहेत आणि ते अदा करणे हे कर्तव्य आहे. समजा, एक मनुष्य पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली मागे ठेवून गेला. त्याचे आईवडील हयात नाहीत आणि कफन-दफनाचा खर्च, कर्ज व वसीयत यांची पूर्तता झाली आहे. ३२ लाख रुपये उरले. पत्नीचा आठवा हिस्सा चार लाख. राहिले २८ लाख. मुलीचा वाटा एक वस्तू धरा, म्हणजे मुलाच्या दोन. मिळून चार वस्तू म्हणजे २८ लाख. एक वस्तू सात लाख. प्रत्येक मुलीचे सात लाख, मुलाचे चौदा. अल-ख्वारिझ्मींच्या वाचकाने हा हिशोब दोन ओळींत केला असता.

आपल्या समाजात मात्र हा हिशोब पुष्कळदा मांडलाच जात नाही. बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. आपला वाटा किती होता, हेही तिला कळत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती गप्प राहते आणि तिच्या मौनाला संमती मानले जाते. जिला अपूर्णांक मांडता येतो, तिला निदान आपण काय सोडत आहोत हे ठाऊक असते. ज्या भावाला हिशोब करता येतो, त्याला अज्ञानाची सबब सांगता येत नाही. म्हणून मुलींना गणित जमत नाही असे म्हणून त्यांना या विषयापासून दूर नेऊ नका.

अल-ख्वारिझ्मी इ. स. ८५० च्या सुमारास निवर्तले. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी स्पेनमध्ये त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद केला. ‘अल-जब्र’चे ‘अल्जेब्रा’ झाले आणि त्यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. आज प्रत्येक संगणक ज्या क्रमवार रीतीने चालतो, तिला त्यांचेच नाव आहे. मराठीत आपण या विद्येला बीजगणित म्हणतो. याच नावाचा भास्कराचार्यांचा संस्कृत ग्रंथ शाहजहान बादशाहच्या काळात अताउल्लाह या विद्वानाने फारसीत आणला. ज्ञान असे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. ते पुढे देण्याची पाळी आता आपली आहे.

आपल्या प्रस्तावनेत अल-ख्वारिझ्मी विद्वानांचे तीन प्रकार सांगतात : नवे शोधणारा, पूर्वजांचे अवघड सोपे करून सांगणारा आणि चूक आढळल्यास बढाई न मारता ती दुरुस्त करणारा. आपण पहिल्या प्रकारात नसू, पण दुसरा प्रकार प्रत्येक आईबापाच्या आवाक्यात आहे. आज रात्री मुलाबाळांना घेऊन बसा आणि वर दिलेला ३२ लाखांचा हिशोब त्यांच्याकडून करून घ्या. नंतर आपल्या घरातील कोणाचा वाटा द्यावयाचा राहिला आहे काय, तेही त्याच कागदावर पाहा.

अल्लाह तआला आपणांस उपयुक्त ज्ञान आणि हक्कदाराचा हक्क देण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.