धापेचा हिशेब मांडणारा माणूस

सुटत असलेली लोकल पकडण्यासाठी जिना उतरून प्लॅटफॉर्मवर धावावे लागते. गाडी मिळते, नशीब असेल तर बसायला जागाही मिळते. पण धाप मात्र लगेच थांबत नाही. धावणे तर संपले, मग श्वास अजून का फुललेला? हा साधा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने गांभीर्याने घेतला आणि स्वतः पळून त्याचे उत्तर शोधले. त्याचे नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. हे भारदस्त नाव त्यांना स्वतःला आवडत नसे. जग त्यांना ए. व्ही. हिल म्हणूनच ओळखते.

हिल यांचा जन्म 26 सप्टेंबर 1886 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले आणि आईने त्यांना व त्यांच्या बहिणीला वाढवले. शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकायला गेले. 1907 मध्ये गणिताच्या परीक्षेत विद्यापीठात तिसरे आले. पुढे मात्र ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. गणितज्ञाची नजर त्यांनी सोबत नेली. शरीरात काहीतरी घडते एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. किती घडते आणि किती वेळात घडते, हे त्यांना मोजायचे असे.

सुरुवात बेडकाच्या पायाच्या स्नायूपासून झाली. स्नायू आकुंचन पावला की किंचित उष्णता निर्माण होते. ती इतकी कमी, की अंशाच्या काही हजाराव्या भागापर्यंत तापमान टिपणारी उपकरणे वापरावी लागत. या मोजमापातून लक्षात आले, की स्नायूचे काम थांबल्यावरही बराच वेळ उष्णता निघत राहते आणि त्या नंतरच्या टप्प्यासाठी ऑक्सिजन लागतो. म्हणजे काम आधी आणि त्याची भरपाई नंतर. स्नायूतील उष्णतेच्या या संशोधनासाठी त्यांना 1922 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीचे ओटो मायरहॉफ त्याचे दुसरे मानकरी होते.

बेडकात दिसले ते माणसात घडते का? हिल स्वतः धावपटू होते, त्यामुळे प्रयोगासाठी माणूस शोधायला लांब जावे लागले नाही. मँचेस्टरला प्राध्यापक असताना, वयाच्या पस्तिशीत, सहकारी हार्टली ल्युप्टन यांच्यासोबत त्यांनी हे प्रयोग केले. सुमारे 85 मीटर परिघाची गवतावरची गोल धावपट्टी, नाकाला चिमटा, तोंडात झडपेची नळी आणि सोडलेला श्वास साठवणारी मोठी पिशवी. अशा थाटात ते गोल गोल धावत आणि नंतर पिशवीतील हवेचे पृथक्करण केले जाई.

त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. वेग वाढवला की ऑक्सिजनचा वापर वाढतो. पण एका मर्यादेपर्यंतच. हिल यांच्या बाबतीत ती मर्यादा मिनिटाला सुमारे 4 लिटर होती. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला जेमतेम पाव लिटर लागतो. आज धावपटूंच्या मनगटी घड्याळातही दिसणारी ‘व्हीओटू मॅक्स’ ही संकल्पना ती हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘ऑक्सिजनचे कर्ज’. जोरात धावताना स्नायूंची गरज हृदय आणि फुफ्फुसांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त होते. शरीर तेवढ्यापुरती उधारी करते आणि धावणे थांबल्यावर धापा टाकत ती फेडते. लोकलमध्ये बसल्यावरही श्वास फुललेला राहतो तो या फेडीपायी.

हे ज्ञान त्यांनी प्रयोगशाळेत कोंडून ठेवले नाही. 1926 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी होणारी नाताळची व्याख्याने त्यांनी दिली; विषय होता मज्जातंतू आणि स्नायू. पुढच्या वर्षी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी धावपटूंच्या अंगावर चुंबक बांधून त्यांना तारेच्या वेटोळ्यांजवळून पळायला लावले. प्रत्येक वेटोळ्यापाशी उमटणाऱ्या विजेच्या झटक्यावरून त्यांचा वेग टिपला गेला.

मग मात्र कसोटीची वेळ आली. स्नायूचे आकुंचन लॅक्टिक आम्लामुळे होते, हा त्या काळचा समज होता आणि कर्जाचा हिशेबही त्यावरच उभा होता. 1930 मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी दाखवून दिले, की लॅक्टिक आम्ल तयार होण्याचा मार्गच बंद केला तरी स्नायू काही काळ आकुंचन पावतो. त्याला शक्ती मिळते ती फॉस्फेटयुक्त संयुगांपासून. अशी संयुगे शोधणाऱ्यांमध्ये हार्वर्डमधील आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव हेही होते. नोबेल मिळालेल्या माणसाला आपल्याच विषयाचा पाया हलताना पाहणे सोपे नसते. हिल यांनी वाद घालत बसण्याऐवजी 1932 मध्ये लेख लिहून ही स्नायूशास्त्रातील क्रांती असल्याचे मान्य केले आणि पुन्हा मोजायला बसले.

आपण मात्र त्या आम्लाला अजून सोडलेले नाही. पहिल्यांदा खूप धावल्यावर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, तेव्हा लॅक्टिक आम्ल साचले असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ते साधारण तासाभरात रक्तातून कमी होते. हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून वापर करतात. दुसऱ्या दिवशीचे दुखणे येते ते सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. बहुधा ते काही दिवसांत आपोआप थांबते. व्यायाम हळूहळू वाढवणे हाच त्यावरचा उपाय.

हिल यांचे भारताशीही नाते आहे. 1933 नंतर हिटलरच्या छळातून निसटलेल्या शास्त्रज्ञांना आधार देणारे हिल, 1943-44 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले. देशभर फिरून त्यांनी विज्ञान संशोधनावर अहवाल दिला. लोकसंख्या, आरोग्य, अन्न आणि नैसर्गिक साधनसंपत्ती हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे त्यांनी ठळकपणे मांडले. उत्तम डॉक्टर आणि अध्यापक घडवणारी एक अखिल भारतीय वैद्यकीय संस्था असावी, हा विचारही त्यांनी पुढे नेला. भोर समितीने 1946 च्या अहवालात तशी शिफारस केली आणि 1956 मध्ये दिल्लीत ‘एम्स’ उभी राहिली.

3 जून 1977 रोजी केंब्रिजमध्ये हिल यांचे निधन झाले. आज मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी हृदय आणि फुफ्फुसे किती ताण सोसतील हे पाहण्यासाठी काही रुग्णांना सायकल चालवायला लावून त्यांचा श्वास मोजतात. मापन आता संगणक करतो. मोजायचे काय, हे मात्र गवतावर गोल गोल धावणाऱ्या हिल यांनीच दाखवून दिले.