स्मिता पाटील : बाळंतपणानंतरचे पंधरा दिवस

मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. श्याम बेनेगल यांनी तिला सिनेमात आणले. ती स्मिता पाटील. जन्म १७ ऑक्टोबर १९५५, पुण्याचा. मूळ घर खानदेशातले शिरपूर. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात.

‘मंथन’मधली खेड्यातली बिंदू, ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा, ‘उंबरठा’मध्ये घर सोडून महिलाश्रम सांभाळणारी सुलभा या बायका तिने खऱ्या करून दाखवल्या. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, १९८५ मध्ये पद्मश्री. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला. अवघ्या पंधरा दिवसांनी, १३ डिसेंबरला, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने तिचे निधन झाले. वय होते ३१. ‘मिर्च मसाला’ तिच्या पश्चात प्रदर्शित झाला.

मोठे शहर, मोठे रुग्णालय, नामवंत बाई. तरीही हे घडले. कारण मूल सुखरूप जन्मले म्हणजे आईचा धोका संपला, असे नसते. वार सुटल्यावर गर्भाशयाच्या आत मोठी ओली जखम राहते. तिथे जंतू शिरले आणि रक्तात पसरले, तर रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ लागतात. धडधाकट बाळंतीणही काही तासांत खालावते. प्रसूती करणाऱ्याने हात स्वच्छ धुतले तर असे मृत्यू कमी होतात, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते. आज प्रतिजैविके आहेत, पण ती वेळेत मिळाली तरच उपयोग.

नांदेड-लातूरकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना शेक, धुरी, डिंकाचे लाडू. मायेत काही कमी नसते. पण ताप आला की दूध दाटले, वारे लागले असे म्हणून दोन दिवस काढा चालतो. तेच दोन दिवस महागात पडतात. बाळंतिणीला १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणे, ओटीपोटात दुखणे, जास्त रक्तस्राव, धाप लागणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. १०८ ला फोन करावा.

रुग्णालयात प्रसूती झाली तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचे वजन करत असताना आईचा तापही मोजून घ्यावा. बारशाच्या गडबडीत बाळंतीण गप्प पडून असेल, तर ती थकली असेल असे समजून सोडून देऊ नये. आधी कपाळाला हात लावून पाहावा.